‘ढ’ कोणाला म्हणावे?

आपल्या वर्णमालेत एवढी अक्षरे आहेत, पण शिवी होण्याचा मान मिळाला तो एकट्या ‘ढ’ला. जुनी मंडळी याचे कारण मोठे गमतीचे सांगतात. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येता येता बाकीच्या अक्षरांनी किती रूपे पालटली! कोणी डोक्यावर रेघ घेतली, कोणी शेपटी सोडली, कोणी पोट वाढवले. ‘ढ’ मात्र होते जवळजवळ तसेच राहिले. दोन हजार वर्षांत जे काही शिकले नाही ते ‘ढ’, आणि त्याच्यासारखा जो, तोही ‘ढ’! ही व्युत्पत्ती खरी असो की कोणा विनोदी पंतोजींनी रचलेली असो, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला ती पिढ्यान्‌पिढ्या पुरली आहे.

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात, त्यांत अशा पोरांच्या मातांची पत्रे पुष्कळ असतात. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, म्हणून हा विषय मुद्दाम राखून ठेवला होता. पत्रांतली नावेगावे निराळी, पण मजकूर बहुतेक एकच. मुलगा तिसरी-चौथीत आहे. तोंडी विचारले तर पटापट सांगतो. आजीने सांगितलेली गोष्ट महिन्याने शब्दाला शब्द म्हणून दाखवतो. घरातले घड्याळ बंद पडले की खटपट करून तेच चालू करतो. पण पुस्तक हातात दिले की ‘मित्र’चा ‘मित’ होतो, ‘प्रकाश’चा ‘परकाश’ होतो, आणि चार ओळींत कपाळाला घाम येतो. वर्गातल्या बाई म्हणतात, लक्ष देत नाही. मुलाचे वडील म्हणतात, तुझ्या लाडाने बिघडला. सासूबाई दृष्ट काढतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, आमच्या क्लासला घाला. आणि आता शाळेने चिठ्ठी पाठवली आहे की, मुलाची तपासणी, म्हणजे ज्याला हल्ली सगळे ‘असेसमेंट’ म्हणतात ती, करून आणा. पत्राच्या शेवटी, बहुधा सहीच्या वर, एक वाक्य घाईने लिहिलेले असते: “त्याला वेडाबिडा तर ठरवणार नाहीत ना?”

या शेवटच्या वाक्यासाठीच आजचा लेख आहे.

मूल शिकत नाही, ही एक तक्रार झाली. तो काही रोग नव्हे. ताप आला म्हणजे जसे मलेरिया, टायफॉइड, साधी सर्दी अशी दहा कारणे संभवतात, तसेच हेही आहे. मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल. एका कानाने कमी ऐकू येत असेल. वडिलांच्या बदलीमुळे तीन वर्षांत तीन शाळा झाल्या असतील. घरात आईबापांचे पटत नसेल आणि पोराचे सारे लक्ष स्वयंपाकघरातल्या आवाजांकडे असेल. घरी सगळे मराठी बोलतात आणि शाळेत बाई इंग्रजीतून पर्यावरण शिकवतात, असे असेल. काही मुलांची एकूणच समजण्याची गती मंद असते. चालणे-बोलणेही त्यांना उशिरा आलेले असते. आणि काही मुले अशी असतात की, बुद्धी चांगली, डोळे चांगले, कान चांगले, शाळा नियमित. तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्याच ठिकाणी गाडी अडते. या शेवटच्या प्रकाराला ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे जड नाव आहे. वाचनाची अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाची असेल तर डिसग्राफिया, गणिताची असेल तर डिसकॅल्क्युलिया. नावांना भिऊ नये. ग्रीक-लॅटिनमधून आलेली म्हणून ती भारदस्त वाटतात इतकेच.

तपासणी करायची ती या साऱ्यांतून आपले मूल कोठे बसते ते पाहण्यासाठी. कारण उपाय प्रत्येकाचा वेगळा. ज्याला चष्मा हवा त्याला शिकवणी लावून काय होणार? आणि ज्याला अक्षराअक्षराने वाचन पुन्हा शिकवायला हवे, त्याला चार थपडा देऊन काय होणार?

बुद्धी मोजण्याच्या या उद्योगाची सुरुवातच मुळी नापास होणाऱ्या मुलांच्या काळजीतून झाली, हे थोड्यांना ठाऊक असते. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. शिक्षण सक्तीचे झाले होते, सगळी मुले शाळेत येत होती, आणि त्यांतली काही काही केल्या पुढे सरकत नव्हती. अशी मुले ओळखायची कशी? मास्तरांच्या मतावर सोडावे तर त्रास देणारा पोरगा मतिमंद ठरायचा आणि गरीब गाय असलेला खरा गरजू मागे राहून जायचा. पॅरिसमधले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर तेओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस लहान लहान प्रश्नांची एक चढती शिडी तयार केली. पेटती काडी हलवली तर बाळाची नजर तिच्यामागे जाते का, येथपासून सुरुवात. मग चित्रातल्या वस्तू दाखवणे, ऐकलेले आकडे परत म्हणणे, दोन रेघांतली लांब कोणती ते सांगणे, असे करीत करीत अमूर्त शब्दांतला फरक सांगण्यापर्यंत. १९०८ साली त्यांनी ही शिडी वयाप्रमाणे लावली आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. पुढे १९१२ साली जर्मनीतल्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले, १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्याला शंभराने गुणले, आणि घरोघरी ज्याची धास्ती आहे तो ‘बुद्ध्यंक’ जन्माला आला.

बिने मात्र १९११ सालीच वारले होते. आपल्या शिडीतून एक आकडा काढून तो मुलाच्या कपाळावर जन्मभरासाठी चिकटवावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. माणसाची बुद्धी म्हणजे ठरीव माप, ते वाढायचे नाही, असे म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली आहे. एवढेच नव्हे, तर मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाच्या व्यायामाचे खेळ तयार केले होते. त्यांत एक पुतळ्याचा खेळ होता: सगळ्यांनी काही क्षण हलायचे नाही. आपल्याकडे गल्लीत मुले ‘स्टॅच्यू’ खेळतात, जवळजवळ तोच. चित्त एका जागी ठेवायची ती सवय. शाळेतून मुलांना घालवून देण्यासाठी नव्हे, तर त्यांना योग्य वर्गात बसवून शिकवण्यासाठी त्यांनी मापे काढली. मापे देशोदेशी गेली आणि हेतू पॅरिसमध्येच राहिला, असे मात्र पुष्कळ ठिकाणी झाले.

आपल्याकडे हे काम यायला फार उशीर लागला नाही. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या समाजकार्याच्या संस्थेने, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले. ते देशातले पहिले मानले जाते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवल्या आणि १९४० साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या कसोट्यांना आजही ‘बिने-कामत’ म्हणतात. सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांनाही देता येतील अशा, ठोकळ्यांच्या आणि आकृत्यांच्या पाच कसोट्यांचा संच केला. आणि अमेरिकेतल्या वेक्सलर यांच्या १९४९ सालच्या मुलांच्या चाचणीचे भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी नागपुरात काम करीत असताना सिद्ध केले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. तुमच्या मुलाच्या अहवालात ‘मिसिक’ असा शब्द दिसला तर तो याच चाचणीचा.

वाचनाच्या विशिष्ट अडचणीची गोष्ट वेगळी आहे आणि ती डॉक्टरांच्या दवाखान्यात सुरू होते. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, चपळ, खेळात कोणाच्या मागे नाही. सात वर्षांचा होता तेव्हापासून शिक्षकांनी डोके फोडून घेतले, पण वाचन येईना. स्वतःचे पर्सी हे नाव लिहितानासुद्धा अक्षरे मागेपुढे करायचा. नजर उत्तम. अंकगणिताची आवड, आणि बीजगणितातले सूत्र समोर ठेवले तर ते वाचायचा. पण छापील शब्द त्याला काहीच सांगत नसत. त्याला बरीच वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांचे म्हणणे असे की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच पोरगा शाळेत पहिला आला असता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे सीफर्ड आणि आजचे डोंबिवली यांत काय फरक आहे? मातांची पत्रे वाचताना पुष्कळदा हाच पर्सी भेटतो. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव मात्र बऱ्याच उशिरा, १९६३ साली, अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी पालकांच्या एका परिषदेत रूढ केले.

आता प्रत्यक्ष खोलीत काय होते ते सांगतो. कारण भीती असते ती बंद दारामागच्या गोष्टीची.

सुई नाही, विजेची यंत्रे नाहीत, औषध नाही. पहिल्या भेटीत बोलायचे असते ते बहुतेक आईने. बाळंतपण कसे झाले, मूल कधी बोलू लागले, फिट आली होती का, घरात आणखी कोणाला वाचनाचा त्रास होता का. या शेवटच्या प्रश्नाला वडील बहुधा खिडकीबाहेर पाहतात. डिस्लेक्सिया पुष्कळदा घराण्यात चालतो. “मीसुद्धा सातवीपर्यंत असाच होतो” हे वाक्य अनेक बाबांच्या तोंडून पहिल्यांदा याच खोलीत निघते. संकोच न करता ते सांगावे. तपासणाराला त्याचा फार उपयोग असतो, आणि बाहेर बसलेल्या मुलाला तर त्याहून जास्त.

मग डोळे आणि कान तपासून घेतलेले हवेत. हे राहून गेले असेल तर चांगला तपासनीस पुढे जातच नाही.

त्यानंतर बुद्धीची चाचणी. ती वर्गात एकदम सगळ्यांची घेतात तशी नसते. मूल आणि तपासनीस समोरासमोर बसतात. रंगीत ठोकळे जुळवून चित्रासारखी नक्षी करायची. आकडे ऐकून सुलट म्हणायचे, मग उलट म्हणायचे. शब्दांचे अर्थ सांगायचे, दोन वस्तूंत सारखे काय ते सांगायचे. उत्तराइतकेच मूल उत्तराकडे कसे जाते तेही पाहिले जाते. एक मूल ठोकळे फेकून देते, दुसरे चारदा मोडून पाचव्यांदा जुळवते. गुण कदाचित दोघांना सारखेच पडतील, पण ती मुले सारखी नव्हेत.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग पुढचा, म्हणजे शैक्षणिक तपासणी. येथे चौथीतल्या मुलाला चौथीचा उतारा देऊन “नापास” म्हणत नाहीत. पहिलीच्या मजकुरापासून सुरुवात करून पायरी पायरीने वर जातात आणि पाय कोठे घसरतो ते पाहतात. मोठ्याने वाचायचे, समजले ते सांगायचे, शुद्धलेखन घालायचे, पाहून उतरवायचे, मनाने चार ओळी लिहायच्या, हिशेब करायचे. मध्येच तपासनीस ‘खटोमी’, ‘पिलवू’ असले अर्थ नसलेले शब्द वाचायला देतात. आईला वाटते ही काय चेष्टा! पण यात मोठी युक्ती आहे. ‘आई’, ‘घर’, ‘शाळा’ हे शब्द मूल चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तसे ओळखते. त्याला अक्षरे जुळवता येतात की नाही ते त्यावरून कळत नाही. ‘पिलवू’ यापूर्वी कोणी पाहिलेला नसतो, तो जुळवूनच वाचावा लागतो. तसाच दुसरा खेळ: “‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरले?” सहजी ‘मळ’ म्हणणारे मूल आणि गोंधळून पुन्हा ‘कमळ’च म्हणणारे मूल, यांच्या वाचनात पुढे अंतर पडण्याचा संभव असतो. वाचनाच्या अडचणीचे मूळ पुष्कळदा डोळ्यांत नसून शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकण्यात असते, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनाने पक्के केले आहे.

म्हणूनच रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम विकणाऱ्यांपासून सावध राहावे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून अशा उपायांना शास्त्रीय आधार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. बुद्धिवर्धक सरबतांबद्दल तर लिहायलाच नको. त्यांतली साखर तेवढी खरी.

येथे आपल्या मराठीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजीपेक्षा मराठी वाचायला सोपी, जसे बोलतो तसे लिहितो, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते बरेचसे खरेही आहे. पण अडचणीच्या मुलाच्या डोळ्यांनी एकदा पाहा. ‘कि’मधली वेलांटी बोलायची ‘क’च्या नंतर आणि काढायची त्याच्या आधी. ‘गर्व’ म्हणताना ‘र’ येतो ‘व’च्या आधी, पण जाऊन बसतो ‘व’च्या डोक्यावर. या एका ‘र’ने किती सोंगे घ्यावीत? ‘प्रकाश’मध्ये तो पायात तिरका, ‘राष्ट्र’मध्ये पायाखाली टोपीसारखा, ‘वर्ष’मध्ये डोक्यावर, आणि ‘सुऱ्या’मध्ये चंद्रकोर होऊन कडेला. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक एवढ्याशा रेघेचा. आकड्यांत ‘३’ आणि ‘६’ एकमेकांकडे पाठ करून उभे. शिवाय आपले संख्यावाचन: ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी! पुष्कळ मुले ‘५२’ लिहून मोकळी होतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा पद्धतीची ओळख घातली तेव्हा केवढा गदारोळ झाला, थट्टा झाली, ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे सांगितले की मुलांना संख्या समजावी यासाठी ही सोय आहे. जोडाक्षरी संख्यांशी झगडणाऱ्या एखाद्या मुलाच्या शेजारी अर्धा तास बसले की त्या म्हणण्यातले तथ्य पटते. आम्हाला तरी पटले.

सांगायचे एवढेच की मराठी मुलाची तपासणी मराठीतही झाली पाहिजे. केवळ इंग्रजी शब्द चुकले म्हणून डिस्लेक्सिया म्हणणे हा अन्याय. आणि “इंग्रजी माध्यमामुळे असेल” म्हणून खरी अडचण झाकून ठेवणे हाही अन्यायच. मूल दोन्ही भाषांत अडखळते का, हे पाहिल्याशिवाय बोलू नये. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाचा तपासणीसंच काढला तो हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वेगळा आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळा. तपासनिसाला ‘मराठीतून काय काय घेणार?’ असे विचारायला पालकांनी लाजू नये.

आता त्या आकड्याबद्दल. शंभर ही सरासरी. शंभरातली साधारण अडुसष्ट माणसे पंच्याऐंशी ते एकशेपंधरा यांच्यामध्ये असतात. आकडा काट्यावर तोललेला नसतो. पाच-सहा गुण इकडे किंवा तिकडे होणे स्वाभाविक आहे. मूल आजारी असेल, उपाशी असेल, घाबरले असेल तर त्याहून अधिक. चाचणी किती जुनी हेही विचारावे. न्यूझीलंडमध्ये काम केलेल्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की पिढीमागून पिढी चाचण्यांतले गुण वाढत जातात. म्हणजे १९४० किंवा १९६९ सालच्या मापाने आजच्या मुलाचा अंक फुगलेला दिसण्याचा संभव. एवढ्या कारणांसाठी, अहवाल हातात पडल्याबरोबर शेवटच्या पानावरचा आकडा शोधणाऱ्या बाबांना आमची विनंती आहे की आधी मधली पाने वाचावीत. ‘शब्दार्थ उत्तम, आकडे लक्षात ठेवणे कमी, जोडाक्षरांत अडचण, गणितातल्या कल्पना स्पष्ट’ या ओळीत जेवढे कामाचे आहे तेवढे कोणत्याही एका आकड्यात नाही.

आकड्याने केलेला एक अन्याय मात्र सांगितलाच पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला पहिल्यांदा कायद्यात जागा दिली. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. त्यानंतर २०१८ साली प्रमाणपत्रासाठी ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत आधी प्राथमिक चाळणी, मग बुद्ध्यंक, मग बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचाने वाचन-लेखन-गणिताची तपासणी, अशा पायऱ्या होत्या, आणि बुद्ध्यंक पंच्याऐंशीच्या वर असण्याची अट होती. पहिले प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. आता ब्याऐंशी गुणांच्या मुलाने काय करावे? मतिमंद म्हणावे तर तो तेवढा मागे नाही, अध्ययन अक्षम म्हणावे तर तेवढा पुढे नाही. असा त्रिशंकू प्रत्येक वर्गात सापडतो, आणि मदतीची गरज त्याला इतरांहून कमी नसते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदानग्रंथात बुद्ध्यंक आणि अभ्यास यांतल्या तफावतीची अट काढून टाकली, ती विचार करूनच. आपल्याकडच्या सूचना २०२४ साली सुधारून निघाल्या आहेत. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी चालू नियम रुग्णालयात विचारून घ्यावेत, शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे नियम धरून बसू नये.

महाराष्ट्राने या कामात पाऊल लवकर टाकले, हे आवर्जून लिहायला हवे. १९९६ सालापासून शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गरज असेल तर लेखनिक, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय. मुंबईत सायन, नायर, केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांनी तपासणीचे मोठे ओझे उचलले. त्याच वर्षी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईत सुरू झाली. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ आला आणि जो शब्द डॉक्टरांनाच ठाऊक होता तो रिक्षावाल्यालाही कळला. चित्रपटाचे उपकार मोठे. फक्त त्याने एक गैरसमजही मागे ठेवला. डिस्लेक्सिया असलेले प्रत्येक मूल छुपे चित्रकार असते असे नाही. काही मुले फक्त चांगली मुले असतात, आणि त्यांना वाचायला शिकवले पाहिजे, कारण वाचन हा त्यांचा हक्क आहे. त्यासाठी आधी प्रतिभा सिद्ध करण्याची गरज नाही.

सवलतीचा कागद मिळाला की काम संपले, असे पुष्कळ घरांत होते. अर्धा तास जादा मिळाला म्हणून जे वाचता येत नाही ते वाचता येऊ लागत नाही. खरे काम म्हणजे उपचारात्मक शिक्षण: ध्वनी, अक्षर, मात्रा, जोडाक्षर अशी चढण, रोज थोडी, एकाच माणसाने, महिनोन्‌महिने. हे कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. जितके लवकर सुरू होईल तितके बरे. दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्रासाठी धावणारे पालक पाहिले म्हणजे वाटते, हीच धाव तिसरीत घेतली असती तर! शिक्षकांनीही ‘मोठा झाला की येईल’ म्हणून वाट पाहत बसू नये. आणि आठ वर्षांपूर्वी प्रमाणपत्र मिळत नाही याचा अर्थ मदतही सुरू करायची नाही, असा मुळीच नव्हे.

“नातेवाइकांना कळले तर?” हा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक येतो. पुढे लग्नाच्या वेळी कोणी विचारले तर, अशी भीती असते. मुलींच्या तपासण्याच त्यामुळे कमी होतात. त्या गप्प राहतात, सुंदर अक्षरात फळ्यावरचे उतरवून घेतात, आणि उतरवलेले त्यांना वाचता येत नाही हे सातवीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अहवाल गुप्त असतो. तो तुमच्या परवानगीवाचून कोणाला देता येत नाही. शाळेला नेमके काय कळवायचे, हे तपासनिसाशी बोलून ठरवावे. पण ज्याची तपासणी झाली, त्या मुलापासून मात्र तो लपवू नये. नऊ वर्षांच्या मुलाला सारे कळते. सगळे आपल्याबद्दल दार लावून बोलतात, एवढ्यावरून त्याने अहवालापेक्षा कितीतरी वाईट निदान स्वतःचे केलेले असते. “तुझे डोके चांगले आहे, अक्षरे जुळवायला तुला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याला एक नाव आहे, आणि त्यासाठी बाई वेगळ्या रीतीने शिकवणार आहेत,” एवढे दोन वाक्यांत सांगता येते. वडिलांनी सांगितले तर अधिक चांगले. ते स्वतः तसे असले तर उत्तमच.

आता ज्यांना शाळेची चिठ्ठी आलेली आहे त्यांच्यासाठी. दिवाळीची सुट्टी संपण्याच्या आतच वेळ मागून ठेवावी. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत रांग लांब असते. जाताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या न्याव्यात, आणि त्या नीटनेटक्या, झाकून-पुसून निवडलेल्या नसाव्यात. चुकांनी भरलेल्या हव्यात. प्रगतिपुस्तके, चष्म्याचा आणि कानाचा कागद, पूर्वीचे काही अहवाल असतील तर तेही न्यावेत. आदल्या रात्री पाढे घोकून घेऊ नयेत. सकाळी मुलाला पोटभर खाऊ घालावे, चष्मा आठवणीने द्यावा. ‘परीक्षा आहे, नीट कर’ असे न म्हणता ‘एक ताई कोडी घालणार आहेत, काही सोपी असतील, काही मोठ्यांनाही येत नाहीत’ असे सांगावे, आणि ते खरेच आहे. काम एका बैठकीत संपत नाही, दोन-तीन खेपा पडतील, तेवढी रजा वडिलांनी धरून ठेवावी. अहवाल हातात मिळाल्यावर तो समजावून देण्यासाठी वेगळा वेळ मागावा, त्या वेळी दोघांनीही जावे, आणि उठण्यापूर्वी एवढे विचारावे: उद्या सकाळी सातला हा दप्तर घेऊन निघेल, तेव्हा आमच्याकडून आणि बाईंकडून नेमके काय वेगळे व्हायला हवे?